निर्यातीच्या द्राक्षाची कागदपत्रं : माझा अनुभव

युरोपला द्राक्षं पाठवायची तर पहिला कागद ग्रेपनेटचा. अपेडा म्हणजे केंद्र सरकारची शेतमाल निर्यात संस्था; तिच्या या ऑनलाइन प्रणालीत प्लॉटची नोंदणी कृषी विभागामार्फत होते, तीही दर हंगामाला. सातबारा, आठ-अ, आधार, बागेचा नकाशा. अर्ज अडकतो तो बहुधा नावावर : सातबाऱ्यावर वडिलांचं नाव अपुरं, आधारवर पूर्ण. सामाईक खातं असेल तर बाकीच्या खातेदारांची संमती आधीच घेऊन ठेवावी.

खरा वेळ खाते ती फवारणीची वही. ऑक्टोबर छाटणीपासून प्रत्येक फवारणीची तारीख, औषध, बॅच नंबर, लिटरला प्रमाण, एकूण पाणी, पीएचआय (शेवटची फवारणी आणि काढणी यांत सोडायचे दिवस). नुसतं व्यापारी नाव लिहून भागत नाही, घटक लिहावाच. मँकोझेब, मेटिराम, प्रोपिनेब ही बुरशीनाशकं तीन, पण प्रयोगशाळा त्यांचा अवशेष कार्बन डायसल्फाइड म्हणून एकत्र मोजते. आलटून-पालटून मारली तरी बेरीज एकच. पोटॅशियम फॉस्फाइट खत म्हणून विकलं जातं, पण फोसेटिल या बुरशीनाशकासारखंच त्यातूनही फॉस्फॉनिक आम्ल उतरतं. म्हणून ठिबकमधून सोडलं तरी मी ते औषधांच्याच पानावर लिहितो.

घटक न छापलेली ‘जैविक’ टॉनिकं बागेत आणूच नयेत. ज्या रसायनाला अवशेषाची स्वतंत्र मर्यादा नाही, त्याला युरोपात सरसकट किलोला ०.०१ मिलिग्रॅम लागू होते. २०१० साली वेलीची वाढ रोखायला वापरलेल्या क्लोरमेक्वाटच्या अवशेषांमुळे आपली द्राक्षं तिकडे नाकारली गेली होती. त्यामुळे तपासणीबद्दल माझी तक्रार नाही.

चीड येते ती एकच फवारणी तीनदा लिहिण्याची : एकदा सरकारी नमुन्यात, एकदा पॅकहाउसच्या, एकदा ग्लोबलगॅप या शेतीपद्धतीच्या खासगी प्रमाणपत्राच्या. रकाने तिन्हीकडे वेगळे, आणि एखादी तारीख इकडची तिकडे झाली की खुलासा शेतकऱ्यानेच द्यायचा. ऐन डाऊनी या बुरशीरोगाच्या दिवसांत, ढगाळ हवेत पंप चालवायचा की रकाने भरायचे? एक नोंद सगळ्यांनी मान्य करायला अडचण काय, हे मला कुणी पटवून दिलेलं नाही.

तोवर एकच मूळ वही फवारणीच्या दिवशीच भरावी, बाकी नमुने तिच्यावरून उतरवावेत. दुकानदाराचं बिल त्याच पानाला टाचावं. ऑडिटमध्ये साठा जुळवून पाहतात : बिलात दोन लिटर, वहीत दीड लिटर वापर, तर अर्धा लिटर औषधखोलीत दिसायलाच हवा. अवशेष तपासणीचं सॅम्पल प्रयोगशाळेचा माणूस बागेतूनच काढतो, आणि ते गेल्यावर काढणीपर्यंत पंप बंद ठेवावा.