अकरा महिन्यांची नोंद : काट्यावर अकरा किलो कमी, सिंहगडाच्या घाटात अडतीस मिनिटे कमी

नोव्हेंबर २०२४ मध्ये कोथरूडच्या घरापासून खडकवासला धरणापर्यंत सायकलने जाऊन येण्याचा, म्हणजे साधारण ३० किलोमीटरचा, नेम सुरू केला, तेव्हा माझे वय ४६, वजन ९४.६ किलो आणि सकाळी उठल्याबरोबर मोजलेली नाडी मिनिटाला ८२ होती. आज वजन ८३.२ आणि नाडी ६४ आहे. आठवड्यातून चार दिवस, पहाटे साडेपाचला निघून, सोबत्याशी सलग बोलता येईल इतक्याच वेगाने मी सायकल चालवतो. जोराची राइड फक्त एक दिवस.

पहिला महिना गुडघ्याने खाल्ला. पुढच्या बाजूने, वाटीच्या खाली, दुखू लागले आणि मी ते वजनामुळे आहे असे समजून सोसत राहिलो. प्रत्यक्षात सीट फार खाली होती. पायडल सर्वांत खाली असताना त्यावर टाच ठेवली की पाय सरळ व्हावा, इतकी सीट वर घेतली, जड गिअर सोडला आणि सपाटीवर पायडलचे मिनिटाला ५५ ते ६० फेरे होत होते ते हळूहळू ८० वर आणले. तीन आठवड्यांत दुखणे थांबले.

मार्चनंतर वजन ८७ वर अडले आणि दोन महिने हलले नाही. वहीतल्या नोंदी पाहिल्यावर कारण दिसले. माझ्या वजनाच्या माणसाला तीस किलोमीटरला पाचशे ते सहाशे किलोकॅलरी लागतात, आणि परतताना घेतलेली मिसळ, दोन पाव व वर गोड चहा यांत जवळजवळ तेवढेच भरून निघते. शरीरातली एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७७०० किलोकॅलरी. म्हणजे खाण्यात काही भर घातली नाही, तरच तेरा-चौदा फेऱ्यांना एक किलो. शिवाय शरीर हलके झाले की त्याच रस्त्याला खर्चही कमी होतो. मिसळ महिन्यातून एकदा ठेवली, रात्रीचा भात कमी करून उसळ वाढवली, जेवण आठच्या आत आणले, आणि काटा पुन्हा खाली सरकू लागला. केवळ पायडल मारून वजन उतरते असे नव्या सोबत्यांना सांगणे मला अप्रामाणिक वाटते.

मात्र सायकलने जे दिले ते काट्यावर दिसत नाही, आणि म्हणूनच सिंहगडाचा घाट मला खरे मोजमाप वाटतो. पायथ्यापासून वाहनतळापर्यंत आठ-नऊ किलोमीटरांत साधारण ६०० मीटर चढायचे असते. डिसेंबरमध्ये तीनदा उतरून, धापा टाकत, मला ११२ मिनिटे लागली. गेल्या मंगळवारी एकदाही पाय न टेकता ७४. चढावर वेग इतका कमी असतो की वाऱ्याचा विरोध जवळपास नगण्य ठरतो आणि बहुतेक श्रम स्वतःला व सायकलला वर उचलण्यातच जातात. डिसेंबरमध्ये मी आणि सायकल मिळून सुमारे १०८ किलो होतो, त्यासाठी नुसत्या उचलण्याचे काम सुमारे ६३५ किलोज्यूल. आता ९७ किलोंना ५७० च्या आसपास. म्हणजे काम एक दशांशाने घटले, पण वेळ एक तृतीयांशाने घटला. वजन उतरल्याचा वाटा त्यात लहानच आहे. बाकी सगळे पायांनी, फुप्फुसांनी आणि हृदयाने कमावलेले आहे. हा हिशेब मांडला त्या संध्याकाळी मला जो आनंद झाला, तो ८५ च्या खाली आल्याच्या दिवशीही झाला नव्हता.

जून ते सप्टेंबर घाट बंद ठेवला, कारण ओल्या रिमवर ब्रेक उशिरा धरतात आणि त्या उतारावर वळणे अवघड आहेत. पावसातल्या फेऱ्या सपाटीवरच झाल्या.

आता लक्ष्य २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेचे, म्हणजे ठरावीक वेळेत पार करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल राइडचे आहे, जी साडेतेरा तासांत पूर्ण करावी लागते. आजवरची माझी सर्वांत लांब राइड ११० किलोमीटरची आहे, आणि तिच्यात ८० नंतर पाय नव्हे तर पोट रिकामे झाल्याने मी थकलो होतो. त्यामुळे पुढचे दोन महिने दर तासाला केळे, खजूर किंवा गूळपोळीचा तुकडा खाण्याची सवय लावून रविवारची राइड १३० आणि मग १५० पर्यंत न्यायची आहे. पुढची नोंद त्यानंतर.