मला बोट लागत नाही

मी मूळची दाभोळची. शाळा, कॉलेज, लग्नकार्य, सगळं खाडी ओलांडून. म्हणून नागपट्टिणमच्या बंदरात ह्यांनी उलटीची गोळी पुढे केली तेव्हा मी ऐटीत म्हटलं, "तुम्हीच घ्या. मला बोट लागत नाही."

खरं निमित्त तंजावरचं. सरस्वती महाल ग्रंथालयातले मोडी कागद एकदा डोळ्यांनी बघायचे होते. तिथवर आलोच आहोत तर पुढे नागपट्टिणम आणि समोर श्रीलंका. तिथल्या कांकेसनतुरैला बोट जाते, ६० सागरी मैल, चारेक तास. ऑक्टोबर २०२३मध्ये सुरू झाली, आठवड्याभरात हवामानापायी बंद पडली, ऑगस्ट २०२४मध्ये परत सुरू झाली. आम्ही गेलो जुलैत. आपल्याकडे होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारलेल्या, आणि इथे लख्ख ऊन! पाऊस नाही म्हणजे समुद्र शांत, असा माझा हिशेब. वारा मी धरलाच नव्हता.

डोक्यात चित्र आमच्या धोपाव्याच्या फेरीबोटीचं: कठड्याला टेकायचं, वारा खायचा. इथे बॅगा यंत्रातून, पासपोर्टवर शिक्का, आणि आत एसी, रांगेने खुर्च्या, बंद काचा. पाण्यावरची शिवनेरीच म्हणा ना.

तासाभरात काचेतलं पाणी वर चढायला लागलं. मग आभाळ. मग परत पाणी. ह्यांना शेजारी एक बोलके आजोबा भेटले होते. त्यांचे वडील म्हणे बोट मेलने जायचे: मद्रासहून थेट कोलंबोचं तिकीट, धनुष्कोडीपर्यंत रेल्वे, पुढे तलैमन्नारपर्यंत आगबोट, परत रेल्वे. १९६४च्या डिसेंबरात वादळाने धनुष्कोडीच उद्ध्वस्त केलं. एरवी मी कान टवकारून ऐकलं असतं. तेव्हा मात्र समोरच्या खुर्चीच्या कापडावरचे टाके मोजत होते.

पलीकडे जाफन्याच्या एक मावशी होत्या. वेळांकण्णीला नवस फेडून परत निघालेल्या, पायाशी लग्नाच्या साड्यांची फुगलेली पिशवी. भाषा शून्य. त्यांनी पिशवीतून लिंबू काढलं, नखाने साल ओरबाडली, माझ्या नाकाशी धरलं आणि माझी मूठ त्यावर मिटवून टाकली. पाठीवरून हात फिरवत राहिल्या. माझी आजी भाऊच्या धक्क्यावरून बोटीने यायची, तीही कनवटीला लिंबू ठेवायची म्हणे. आम्ही तिला हसायचो.

किनारा दिसला तो ताडांच्या रांगेने. देश बदलला, पण घड्याळ तेच. तिथली वेळ आपलीच. "चला, बोट लागली," हे म्हणाले. कुठल्या अर्थाने, ते मी विचारलं नाही.

खिडकीमागच्या अधिकाऱ्याने हात पुढे केला. मी पासपोर्ट ठेवला, आणि सोबत चुरगळलेलं लिंबूही.