"सर, बेल्ट कधी?" – आमच्या कराटे क्लासची वाटचाल

क्लास सुरू केला तेव्हा भाड्याचा हॉल, सहा पोरं आणि दोन किकिंग पॅड, बस. मॅट पण नव्हत्या, गार फरशीवरच सगळं चालायचं. मला वाटायचं आपल्याला कराटे येतं म्हणजे क्लास चालवता येईलच. तसं नसतं हे पहिल्या दोन महिन्यांत कळलं, कारण पालक टेक्निकचं काहीच विचारत नाहीत, एकच प्रश्न असतो, "सर, बेल्ट कधी?"

आणि खरं सांगायचं तर मी पण त्याला भुललो. दर तीन महिन्याला बेल्टची परीक्षा ठेवायचो, कारण परीक्षा फीमधूनच हॉलचं भाडं निघायचं. पोरं खुश, पालक खुश, फोटो काढायचे, टाळ्या. मोकुसो, म्हणजे सुरुवातीला आणि शेवटी डोळे मिटून शांत बसणं, ते तर मी बंदच करून टाकलं होतं. एका पालकांनी तोंडावर सांगितलं होतं की फी भरतो ती पोराला बसवून ठेवायला नाही!

मग एक ग्रीन बेल्टवाला पोरगा होता. हेइआन शोदान हा काता, म्हणजे एकट्यानं करायची ठरलेल्या मूव्हची मालिका, त्यात २१ मूव्ह असतात, हा झोपेत उठवला तरी करेल असा. पण कुमितेमध्ये, म्हणजे समोरासमोरच्या लढतीत, समोरच्यानं पहिला पंच टाकला आणि याने डोळे गच्च मिटले, श्वास अडकला, हात खालीच. ब्लॉक त्याने हजार वेळा केला असेल हो. हाताला सगळं पाठ होतं, पण हा स्वतः तिथं हजरच नव्हता. त्या रात्री मला झोप नाही आली कारण चूक त्याची नव्हतीच, त्याला बेल्ट मीच बांधला होता.

गंमत म्हणजे हे बेल्ट मुळात कराटेचे नाहीतच. जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये कोदोकान ही शाळा सुरू करून ज्युदो उभा केला, दान (ब्लॅक बेल्टच्या पायऱ्या) आणि ब्लॅक बेल्टची पद्धत तिथली, कराटेनं ती नंतर उचलली. मधले रंगीत बेल्ट तर त्याच्याही नंतरचे. कराटेगुरू गिचिन फुनाकोशींनी १९२२ मध्ये ओकिनावाहून येऊन टोकियोत कराटे दाखवलं. 'कराटे'तला 'टे' म्हणजे हात, आणि 'करा' आधी चिनी या अर्थाच्या अक्षरानं लिहायचे, नंतर त्याच उच्चाराचं 'रिकामं' अर्थाचं अक्षर आलं. रिकामा हात म्हणजे हातात शस्त्र नाही एवढंच आपण सांगतो, पण फुनाकोशींना मनातला कचरा काढणं पण अभिप्रेत होतं. मला हे पाठ होतं, परीक्षेत विचारायचो सुद्धा. शिकवत मात्र नव्हतो.

मग परीक्षा वर्षातून दोनच केल्या आणि मोकुसो परत आणलं. पंच मारताना श्वास बाहेर सोडायचा यावर महिनाभर नुसतं तेच. श्वास धरला की खांदे वर चढतात आणि पंच जड होतो, सोडला की पोट घट्ट होतं आणि कमरेचा जोर हातापर्यंत पोचतो, किआई, म्हणजे पंचासोबतची ती आरोळी, पण त्यासाठीच, नुसतं ओरडणं नाही ते. काता हळू करायला लावला, एका मूव्हला एक पूर्ण श्वास. नंतर तोच डोळे मिटून. हेइआन शोदान जिथं सुरू होतो साधारण तिथंच संपला पाहिजे, आमची पोरं डोळे उघडायची तर कोणी भिंतीपाशी, कोणी दाराकडे तोंड करून! लक्ष कुठे सुटलं ते मला सांगावंच लागायचं नाही.

निम्मी बॅच गेली. दीड वर्षात ब्लॅक बेल्ट सांगणारा एक क्लास जवळच निघाला होता, तिकडे. तो ग्रीन बेल्टवाला पण गेला, त्याचं अजून वाईट वाटतं. भाड्यासाठी मी सकाळी मोठ्यांची बॅच चालू केली, निव्वळ नाइलाज म्हणून, आणि क्लास तरला तो त्यांच्यामुळेच. दिवसभर डोकं कामात असलेली माणसं, किबा-दाचीत, म्हणजे घोड्यावर बसल्यासारखं गुडघे वाकवून, उभी केली की मिनिटभरात मांड्या थरथरतात, मन लगेच पळवाट शोधतं, मी म्हणायचो श्वास मोजा फक्त. २०२१ ला टोकियो ऑलिम्पिकमध्ये कराटे आलं तेव्हा महिनाभर चौकशीचे फोन आले, २०२४ च्या पॅरिसमध्ये ते नव्हतंच, फोन पण नाहीत. चालायचंच.

आता चार बॅच आहेत, मॅट आहेत. लहानांची बॅच आमचीच एक जुनी विद्यार्थिनी घेते. परवा एका वडिलांनी तिला विचारलं, "मॅडम, बेल्ट कधी?" तिनं त्यांनाच चपला काढायला लावून मॅटवर किबा-दाचीत उभं केलं. चाळीस सेकंद टिकले. जाताना सकाळच्या बॅचचा फॉर्म घेऊन गेले.