सत्काराच्या दिवशी काचेची नळी

बेळगावात मी स्टाफ नर्स. महिन्यातला एक रविवार सरांबरोबर खानापूरच्या रानात पेशंट तपासायला जायचं, भीमगडाच्या बाजूला. सर निवृत्त फिजिशियन. पैसे घेत नाहीत, ट्रॅक्सचं डिझेलसुद्धा त्यांचंच.

1 जुलैचा डॉक्टर्स डे नुकताच झालेला, म्हणून गावाने सत्कार ठेवला होता. देवळात खुर्ची, शाल, नारळ. आमच्याकडे भाषणांशिवाय नारळ हातात पडत नाही! दुसरं भाषण चालू असताना चौघे भिजत आले. घोंगड्याच्या झोळीत एक तरुण. रोप लावताना बांधावर पायाला साप चावलेला. त्यांच्या सांगण्यावरून घोणस. पाय गुडघ्यापर्यंत सुजलेला, हिरड्यांतून रक्त आणि पोटरीवर करकचून दोरी.

बायका म्हणाल्या, "दोरी सोडा की ओ आधी!" सर म्हणाले, "थांबा." आधी सलाईन लावलं, पायाला फळी बांधली, मगच दोरी हळूहळू सैल केली. एकदम सोडली तर अडलेलं विष झपकन अंगात जातं.

ट्रॅक्स नाल्यापलीकडे अडकलेली. पोरं दोर घेऊन धावली. तेवढ्या वेळात सरांनी रक्त काढायला सांगितलं. मी प्लॅस्टिकची नळी पुढे केली.

"काचेची दे. प्लॅस्टिकमध्ये काही कळणार नाही."

माझ्याकडे नव्हती. लाज वाटली. सरांनी आपल्या बॅगेतून कागदात गुंडाळलेली कोरी नळी काढली. दोन मिली रक्त घातलं आणि नळी देवळाच्या कोनाड्यात उभी केली. वीस मिनिटं कुणी हात लावायचा नाही. वीस मिनिटांनी नळी तिरकी केली तर रक्त पाण्यासारखं वाहिलं. म्हणजे रक्त गोठायचं थांबलेलं. तोवर पलीकडून हॉर्न वाजला.

झोळी उचलली तेव्हा पंच मागून ओरडले, "सर, सत्कार ऱ्हायला की!" सरांनी मागं न बघता हात हलवला. शाल खुर्चीवरच.

खानापुरात प्रतिविषाच्या दहा व्हायल सलाईनमधून सुरू झाल्या. रिअ‍ॅक्शन आली तर म्हणून सर खाटेजवळच उभे. मी दोनदा चहा आणून दिला, दोन्ही वेळा गार झाला.

सहा तासांनी पुन्हा नळी, पुन्हा वीस मिनिटं. मी ती आडवी केली, मग पूर्ण उलटी. रक्त तळाशी घट्ट, हललं नाही.

"पुढच्या वेळी नळ्या तू आणायच्या," सर म्हणाले आणि चप्पल शोधायला लागले.