प्रक्षिप्त आकाशगंगा

भाची सुट्टीला आली होती. सोफ्यावर आडवी पडून 'स्टार वॉर्स'ची 'असोका' ही मालिका बघता बघता म्हणाली, "मामा, हा निळ्या तोंडाचा माणूस कोण रे? सगळे नुसतं नाव काढलं तरी टरकतात."

मी काही न बोलता स्टूल आणलं आणि माळ्यावरचा खोका खाली उतरवला. "साफसफाईच्या दिवशी कुठे होती ही ताकद?" असं आतून ऐकू आलं, तिकडे दुर्लक्ष केलं. खोक्यात तळाशी ते होतं. टिमथी झानची 'एअर टू द एम्पायर', १९९१ सालची कादंबरी. निळ्या कातडीचा, लाल डोळ्यांचा ग्रँड ॲडमिरल थ्रॉन हा या पुस्तकातला. शत्रूची चित्रं-शिल्पं तासन्‌तास बघत बसायची आणि त्यावरून तो लढाईत कुठे चुकेल हे ताडायचं, ही त्याची रीत. पडद्यावर यायला त्याला पुढे पंचवीस वर्षं लागली, तीही आधी कार्टून मालिकेतून.

हे पुस्तक मी कॉलेजात असताना किंग्ज सर्कलच्या पदपथावर तीस रुपयांना घेतलं होतं. कव्हर चिकटपट्टीवर तग धरून होतं. पण खरी मजा समासात होती. आधीच्या मालकानं सिनेमातल्या नायकांवरून पेन्सिलीनं जागोजागी शेरे मारले होते. 'ल्यूक असं बोलणार नाही.' 'हान एवढा शहाणा कधी झाला?' आणि एका पानावर नुसतंच 'छे!' कुण्या अनोळखी माणसाला ल्यूक स्कायवॉकरची एवढी काळजी वाटते, याचं मला त्या वयातही अप्रूप वाटलं. पुढे कळलं की सिनेमाच्या शेपटाला बांधलेल्या कादंबऱ्या आणि कॉमिक्स वाचणारे सगळे असेच असतात. साहित्य म्हणून ते पुस्तक जोखतच नाहीत. आपल्या घरातल्या माणसांबद्दल शेजारी काय काय सांगतोय, हे ऐकायला बसल्यासारखे ते वाचतात, आणि दर दोन पानांनी म्हणतात, 'आमचा हान तसा नाही हो!'

लिहिणाऱ्याची अवस्था दुसऱ्याच्या घरी भातुकली खेळणाऱ्या पोरासारखी. खेळा हवं तितकं, पण जाताना बोळकी मोजून परत द्यायची. कुणाला मारायचं नाही, कुणाचं लग्न परवानगीशिवाय लावायचं नाही. आणि मालकानं मागाहून घराचा नकाशाच बदलला, तर हसं लेखकाचं. ॲलन डीन फॉस्टरचं तेच झालं. पहिल्या सिनेमाची कादंबरी मुखपृष्ठावर दिग्दर्शक जॉर्ज लुकासच्या नावानं निघाली, पण लिहिली होती यानं. मग १९७८ साली त्यानं स्वतःच्या नावानं पुढची गोष्ट लिहिली. सिनेमा पडलाच, तर स्वस्तात दुसरा भाग काढता यावा, या हिशोबानं. म्हणून ती सबंध गोष्ट धुक्यानं भरलेल्या ग्रहावर घडते. धुकं असलं की नेपथ्याचा खर्च वाचतो. हान सोलो त्यात नाहीच, कारण हानचं काम करणाऱ्या हॅरिसन फोर्डनं पुढच्या सिनेमाचा करार केलेला नव्हता. आणि ल्यूक आणि राजकन्या लेया यांच्यात बऱ्यापैकी गुलाबी हवा आहे. पाच वर्षांनी तिसऱ्या सिनेमात कळलं, ती दोघं जुळी भावंडं. आता ते पुस्तक वाचताना मी काही पानं भराभर उलटतो.

कॉमिक्सवाल्यांना तर लाजबिज काही नव्हतीच. मार्वलनं १९७७ ते १९८६ या काळात १०७ अंक काढले, आणि आठव्या अंकातच हान सोलोच्या जोडीला माणसाएवढा हिरवा ससा आणून उभा केला. लाल कपडे, हातात बंदूक. त्याच्यावरून अजून भांडणं होतात. मी सशाच्या बाजूचा. 'स्टार ट्रेक'ची सुरुवातीची कॉमिक्स ज्या इटालियन चित्रकारांनी काढली, त्यांनी मालिका पाहिलीच नव्हती. हाताशी होते ते फोटो. मग त्यांनी एंटरप्राइझ या यानाच्या मागून रॉकेटसारख्या ज्वाळा काढल्या. चाहते हळहळतात. मला मात्र वाटतं, न पाहिलेल्या देवाची मूर्ती घडवायची म्हटल्यावर माणूस आणखी काय करणार?

या सगळ्यांत माझा खरा जीव 'डॉक्टर हू' या ब्रिटिश टीव्ही मालिकेवरच्या टार्गेट प्रकाशनाच्या पुस्तकांवर. बीबीसीनं साठ-सत्तरच्या दशकांत टेपा पुन्हा वापरायला म्हणून जुने भाग सरळ पुसून टाकले. घरोघरी व्हिडिओ यायचे होते. १९७३पासून निघालेली ती सव्वाशे-दीडशे पानांची चिटुकली पुस्तकं, एवढाच ब्रिटिश पोरांना गेलेली गोष्ट परत भेटण्याचा रस्ता. टेरन्स डिक्स या एकट्या गृहस्थानं त्यातली साठाहून जास्त लिहिली. सोपी वाक्यं, भराभर प्रसंग, अलंकार नाहीत. समीक्षकांनी ढुंकून पाहावं असं त्यात काही नाही. पण काही गोष्टींचं चलच्चित्र आज जगात कुठेच नाही, आणि पुस्तक आहे. अशा वेळी मूळ कुणाला म्हणायचं आणि जोड कुणाला?

हे मी एकदा माझ्या कॉलेजमित्राला रंगात येऊन सांगत होतो. तो बँकेत आहे, त्यामुळे असल-नक्कल हा त्याचा पोटापाण्याचा विषय. म्हणाला, "असली पुस्तकं म्हणजे सिनेमाच्या तिकिटाची मागची बाजू. जाहिरात असते तिथे." मग कटिंग संपेस्तोवर हानचा केसाळ जोडीदार च्यूबाका याच्या मरणावर वाद. १९९९च्या 'व्हेक्टर प्राइम'मध्ये त्याच्या अंगावर चक्क चंद्र पाडला होता. हानच्या धाकट्या मुलाला यानात ढकलून हा खाली राहिला, आणि वर बघून गुरगुरला. लेखक आर. ए. साल्व्हाटोर याला वाचकांनी एवढ्या शिव्या घातल्या की धमक्यांपर्यंत मजल गेली. मित्र म्हणाला, खपासाठी मारला. मी म्हणालो, निदान मेला तरी दिमाखात. तिकिटाच्या मागच्या बाजूवर माणूस एवढा तावातावानं का बोलतो, हे मी त्याला विचारलं नाही.

मग २०१२मध्ये डिस्नेनं लुकासफिल्म विकत घेतली आणि एप्रिल २०१४मध्ये जाहीर केलं की ही सगळी जुनी पुस्तकं आता 'लेजंड्स', म्हणजे दंतकथा; अधिकृत कथेत, म्हणजे 'कॅनन'मध्ये, त्यांना जागा नाही. घडलेलं काहीच घडलं नाही. च्यूबाकाही त्यामुळे जिवंत झाला. अमेरिकेत चाहते रडले, चिडले, सह्यांच्या मोहिमा निघाल्या. मला फारसा धक्का बसला नाही. भांडारकर संस्था जिथे आहे, त्या गावात माझं आयुष्य गेलंय. तिथल्या पंडितांनी १९१९ ते १९६६ एवढा काळ खपून महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, आणि व्यास सांगताहेत अन् गणपती लिहून घेतोय ही गोष्ट प्रक्षिप्त म्हणून परिशिष्टात गेली. म्हणून गणपतीनं लेखणी खाली ठेवली का? शाळेच्या भिंतीवर तो अजून लिहितोच आहे. थ्रॉनचंही तेच. दंतकथेत हाकलला, आणि दोन वर्षांत मागल्या दारानं परत बोलावला. 'कोरुसांट' हे राजधानीचं नावसुद्धा झाननंच ठेवलेलं. ते सिनेमानं उचललं, आणि आज कुणी त्याला प्रक्षिप्त म्हणत नाही.

भाचीनं एवढं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे हे पुस्तक कॅनन नाही."

"नाही."

"मग वाचू कशाला?"

मी पुस्तक टीपॉयवर ठेवलं आणि चहा टाकायला गेलो. बाहेर आलो तर मालिका थांबवलेली, आणि बाईसाहेब समासातला 'छे!' दाखवून म्हणतात, "हे तू लिहिलंस?" आठवड्यात पहिला भाग झाला, पुढच्या चार दिवसांत दुसरा. मग तिसरा हवा. तिसरा माझ्याकडे नव्हता. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी तो बँकवाल्या मित्रानं नेला होता.

फोन लावला. "आहे, आहे," तो म्हणाला. "पण या महिन्यात नको मागूस. परत वाचायला घेतलाय."