दोर ओढून घेतला की

११ जानेवारी, रविवार. रात्रीचे साडेदहा

पोटऱ्या भरून आल्यात. आज जरंडेश्वरचा डोंगर चढून उतरलो, नऊच्या नऊ जण, आणि आता घरात मी एकटीच जागी आहे कारण चुलतभावाला उद्या सकाळी सांगायचंय, सांदण दरी अर्धी का पूर्ण. तो पुढं दरीच्या वरच्या साम्रद गावात फोन करणार, टेंट, जेवण, दोर, सगळं त्यावर अडलंय.

गेल्या वर्षी अर्धी केली होती. साम्रदमधनं दरीत शिरायचं, पाण्याचे दोन टप्पे ओलांडायचे, धोंड्यांवरनं चढत-उतरत पहिल्या रॅपलिंगच्या, म्हणजे दोरावरनं उतरायच्या कड्यापर्यंत जायचं, खाली डोकावायचं, फोटो काढायचे आणि माघारी. दोन्हीकडं सरळसोट भिंती, ऊन डोक्यावर आलं की तेवढ्यापुरतं आत येणार, बाकी दिवसभर सावली, आणि पाणी असलं गार की वहिनींनी पाय घालताक्षणी जे तोंडातनं काढलं ते पोरांनी वर्षभर ऐकवलंय. भारीच होतं. पण माघारी फिरताना पोरांची तोंडं एवढीएवढीशी, "खाली काय आहे ते बघितलंच नाही". तेव्हापासून धोशा लावलाय, यंदा पूर्ण उतरायची, थेट खालच्या डेहणे गावापर्यंत, म्हणजे नगर जिल्ह्यातनं घुसायचं आणि ठाणे जिल्ह्यात निघायचं.

दादाचं तर वेगळंच होतं. त्याला धबधब्यातलं रॅपलिंग पाहिजे होतं, अंगावर पाणी घेत. मी तिथल्या तिथं नाही म्हणलं. बारा-तेरा वर्षांची पोरं आणि सहासष्ट वर्षांचे आप्पा घेऊन धबधब्यात? पाण्याच्या आवाजात वरच्याचं खालच्याला ऐकू येत नाही, पाय ठरत नाही, दहा मिनिटांत माणूस काकडतो. आणि घळीतल्या पाण्याचं मला पहिल्यापासून भ्या आहे. १९९७ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत अँटिलोप नावाच्या अरुंद घळीत ११ पर्यटक वाहून गेले, पाऊस पडला होता तिथनं कितीतरी मैल लांब. आपल्या डोक्यावर आभाळ निरभ्र असलं म्हणून काय झालं. म्हणून सांदणसुद्धा पावसाळ्यात नाही म्हणजे नाहीच, जायचं ते थंडीत.

चुलतभावानं गिर्यारोहणाचा बेसिक कोर्स केलाय, त्यानं अमेरिकेतली एक पद्धत सांगितली ती मला पटली. तिकडं घळीला तीन खुणा देतात. आकडा म्हणजे दोराचं काम किती, एक म्हणजे नुसतं चालणं, दोन म्हणजे हातपाय लावून चढउतार, तीन म्हणजे दोर लागणारच, चार म्हणजे त्यातल्या मुरलेल्यांचं काम. अक्षर पाण्याचं, ए कोरडी नाहीतर जेमतेम पाणी, बी म्हणजे खोल पण थांबलेलं, सी म्हणजे वाहतं. आणि तिसरा रोमन आकडा वेळेचा, दोन म्हणजे अर्धा दिवस, तीन म्हणजे जवळजवळ सगळा दिवस. त्या हिशोबानं गेल्या वर्षीची आमची दोन-बी-दोन धरली तर पूर्ण उतरणं तीन-बी-तीन. दादा म्हणला, "म्हणजे एकच पायरी की गं." कागदावर एकच.

पण दोन आणि तीनच्या मधे एक गोष्ट आहे. गड चढताना कुठंही वाटलं तर माघारी फिरता येतं, दमला, बसला, चला परत. घळीत शेवटचा माणूस उतरला की दोर खाली ओढून घेतात, आणि तो दोर सळसळत खाली पडला की वर जायची वाट संपली. मग गुडघा दुखू दे, पोट बिघडू दे, कुणाला रडू येऊ दे, खालीच जायचं. सगळे जण कडा किती फुटाचा तेच विचारतात. वहिनीपण तेच विचारत होत्या, पंचेचाळीस फूट म्हणजे किती मजले हो ताई? अहो चार मजले, पण ते पाच-सात मिनिटांत संपतं. त्यानंतरचे छोटे दोन कडे आणि मग गाडीएवढाल्या धोंड्यांची ती न संपणारी उतरण, मला त्याची काळजी.

आणि वेळेची. एका माणसाला आठ मिनिटं धरली, हार्नेस म्हणजे कमरेचा पट्टा तपासणं, कड्यावर बिचकणं सगळं धरून, तर नऊ जणांची बहात्तर मिनिटं एका कड्याला. तीन कडे म्हणजे साडेतीन तास नुसते दोरावर, तेही पुढं दुसरा ग्रुप नसेल तर. गेल्या वर्षी पहिल्या कड्यावर आम्ही काय बघितलं? एका आयोजकाची चाळीसेक पोरं, दोर एकच, लाइन वरातीसारखी, मागची पोरं ओल्या कपड्यात सावलीत कुडकुडत बसलेली आणि पुढं एक जण गोप्रो लावून हात हलवतोय. म्हणून २६ जानेवारीची जोडून सुट्टी नको म्हणलं, २९-३० जाऊ, गुरुवार-शुक्रवार, शाळा बुडली तर बुडली. आणि रात्री खाली दरीतच मुक्काम, म्हणजे अंधाराच्या आत डेहण्याला पोचायची पळापळ नाही.

गेल्या रविवारी यवतेश्वरच्या अंगाला एका तीस फुटी कड्यावर सराव केला. धाकटा माकडासारखा उतरला. थोरलीनं वर उभं राहून सात वेळा "थांब थांब" केलं, मागं रेलून बस म्हणलं तरी भिंतीला चिकटायची, मग एकदाचं तिला कळलं की रेललं की पाय धरतात आणि उतरली. भाचीचं मात्र भलतंच झालं. निम्म्यावर आली आणि तिची वेणी पुढं आली, दोर ज्यातनं सरकतो त्या आठच्या आकड्यासारख्या कडीत त्याच्याबरोबर गेली आत. तिला कळलंच नाही, ती दोर सोडत राहिली आणि डोकं खाली खाली ओढत गेलं. चुलतभाऊ वरनं ओरडला, "खालनं धरा!" आणि खाली दोर आप्पांच्या हातात होता. खालच्यानं दोर ताणून धरला की लटकलेला माणूस आहे तिथं थांबतो, एवढंच त्यांना सांगितलेलं. त्यांनी दोन पावलं मागं सरकून असा धरला, उधळलेल्या बैलाचा कासरा धरावा तसा, पोरगी जागच्या जागी टांगली. मग दुसऱ्या दोरावरनं चुलतभाऊ उतरला, तिचं वजन त्या दोरावर घेतलं, कडी सैल केली, वेणी सोडवली. दहा-बारा केस गेले. वहिनी रडत होत्या, भाची नव्हती. आप्पांनी दोर सोडल्यावर हात धोतराला पुसले आणि विचारलं, "चहाचं काय?"

तोपर्यंत घरात सगळ्यांचं म्हणणं एकच होतं की आप्पांना वर साम्रदला ठेवू, त्यांना कशाला उगं त्रास. मीपण त्यातलीच.

म्हणून आज जरंडेश्वर. चढण्यासाठी नव्हे, चढताना सगळेच शूर असतात. मला उतरताना बघायचं होतं, कारण सांदण सगळी उतरणच आहे. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, मारुतीरायाच्या दर्शनाला जाऊ एवढंच. खाली येताना मी मुद्दाम सगळ्यात मागं राहिले. आप्पा काठी टेकत, वेळ घेत, पण एका लयीत, एकदाही थांबले नाहीत. वहिनी बडबडत उतरल्या, वहिनी बडबडतायत म्हणजे ठीक आहेत. दादा दिसेना. वळणावर बघितलं तर बसून बुटाची नाडी बांधत होता. पुढं परत बसला, परत नाडी. तिसऱ्यांदा मी अगदी जवळ होते, नाडी सुटलेलीच नव्हती. उठल्यावर आडवा होऊन उतरायला लागला, उजवा पाय आधी, मग डावा त्याच्याशेजारी, लहान पोरं जिना उतरतात तसा. रोज सकाळी जिमला जाणारा माणूस, बेचाळीसचा.

मी म्हणलं, कधीपासून?
म्हणला, "काही नाही गं, दिवाळीपासून जरा. हिला सांगू नको."

खाली येऊन नारळपाणी पिताना तोच सगळ्यात मोठ्यानं सांगत होता, पूर्ण करायची, अर्धी करणं म्हणजे हळदीला जाऊन लग्नाला न जाणं. सगळे हसले. मीपण हसले आणि नारळाकडं बघत बसले.

आता काय करायचं ते संध्याकाळपासून डोक्यात फिरतंय. अर्धीच करू म्हणलं तर पोरं विचारणार का, आणि का ते मी सांगू शकत नाही. पूर्ण म्हणलं तर दादा येणारच, आणि दोर ओढून घेतल्यावर त्या धोंड्यांच्या उतरणीत त्याचा गुडघा बसला तर त्याला उचलणार कोण, नव्वद किलोचा गडी. एक उपाय आहे. आपण डेहण्याला निघणार म्हणजे गाडी तिकडं कुणीतरी न्यायला पाहिजे, साम्रदपासून घोटी, कसारा, शहापूर, डोळखांब असा भलामोठा वळसा आहे, आणि अनोळखी ड्रायव्हरला गाडी द्यायला दादा कधीच तयार नसतो. त्यानं आमच्याबरोबर पाण्याचे टप्पे करायचे, कड्यापर्यंत यायचं, आम्हाला सोडायचं आणि वर जायचं.

मगाशी हे त्याला एकट्याला मेसेज करून टाकलं, गुडघ्याचा ग पण लिहिला नाही, फक्त "गाडी तूच आणशील का रे, बाकी कुणावर भरवसा नाही". निळ्या खुणा लगेच आल्या. वीस मिनिटं काहीच नाही.

आत्ता त्याचं आलं. "हार्नेस किती सांगायचे?"

मी लिहिलं, आठ.

टायपिंग दिसतंय. थांबलं. परत दिसतंय.