फाइलमध्ये लिहिलेले आणि नोडवर चाललेले

कोल्हापूरच्या उद्यमनगरातील आमच्या छोट्या कार्यालयातून एक कुबरनेटिस क्लस्टर, म्हणजे अनेक संगणकांवर प्रोग्रॅम वाटून चालवणारी यंत्रणा, चालतो. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या काही फाउंड्रींचा उत्पादनाचा डेटा त्यावर असतो. गेल्या पावसाळ्यात एका सकाळी त्यातील तिसऱ्या नोडवरच्या, म्हणजे तिसऱ्या संगणकावरच्या, सेवा एकामागून एक बंद पडू लागल्या. नोडवर जाऊन पाहिले, तर डिस्क शंभर टक्के भरली होती. भट्टीच्या तापमानाच्या नोंदी गोळा करणारा एक प्रोग्रॅम आपल्या तात्पुरत्या फायली एम्प्टीडिरमध्ये, म्हणजे नोडच्या डिस्कवरच्या तात्पुरत्या जागेत, रात्रभर लिहीत राहिला होता आणि त्याला आम्ही कोणतीही मर्यादा घातलेली नव्हती. ही चूक समजण्यासारखी होती. न समजणारी गोष्ट वेगळीच होती: नोडच्या स्थितीत 'डिस्कप्रेशर' या ओळीपुढे 'फॉल्स' असे स्वच्छ लिहिलेले होते. डिस्कवर एक बाइट लिहायला जागा नव्हती आणि नोडच्या मते डिस्कवर कसलाही ताण नव्हता.

अशा वेळी जागे होण्याचे काम क्यूबलेटचे, म्हणजे प्रत्येक नोडवर चालणाऱ्या कारभाऱ्याचे. कोल्हापुरात पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्यावरची पंचगंगेची पातळी सगळ्यांच्या तोंडी असते, 39 फुटांना इशारा आणि 43 फुटांना धोका. क्यूबलेटमध्येही तशाच सौम्य आणि कठोर अशा दोन पातळ्या ठरवता येतात. कठोर पातळी ओलांडली की तो वाट न पाहता पॉड, म्हणजे चालू प्रोग्रॅमचे गट, नोडवरून हटवू लागतो. आपण काहीच ठरवले नाही, तर लिनक्सवर त्याची मूळ मूल्ये अशी असतात: मोकळी मेमरी 100 एमआयबीच्या (मेबिबाइटच्या) खाली, नोडच्या मुख्य डिस्कवरची मोकळी जागा 10 टक्क्यांच्या खाली, प्रोग्रॅमच्या इमेज ठेवण्याच्या डिस्कवरची मोकळी जागा 15 टक्क्यांच्या खाली आणि मोकळे आयनोड (डिस्कवरच्या फायलींच्या नोंदींच्या जागा) 5 टक्क्यांच्या खाली जाता कामा नयेत. आम्ही हेच आकडे कॉन्फिगरेशनच्या फाइलमध्ये स्पष्टपणे लिहूनही ठेवले होते.

"सर, फाइलमध्ये तर दहा टक्केच लिहिलंय की!" माझा तरुण सहकारी स्क्रीनवर बोट ठेवून म्हणाला, आणि ते खरे होते. आम्ही ती फाइल तीनदा वाचली, मोकळ्या जागांचे इंडेंटेशन तपासले, दुसऱ्या नोडवरच्या फाइलशी ताडून पाहिले आणि यात सुमारे तासभर गेला. शेवटी लिनक्सवरच्या सेवा हाताळणाऱ्या सिस्टमसीटीएलच्या 'कॅट' आदेशाने क्यूबलेटची संपूर्ण सर्व्हिस-फाइल, तिला जोडलेल्या ड्रॉप-इन तुकड्यांसह, डोळ्यांसमोर आणली. क्लस्टर उभारणाऱ्या क्यूबएडीएमने बसवलेल्या तुकड्यात चार व्हेरिएबल एकापाठोपाठ एक जोडलेली असतात आणि त्यांतील शेवटचे, जादा फ्लॅगसाठी, म्हणजे सुरू करण्याच्या आदेशातच दिलेल्या पर्यायांसाठी, राखलेले व्हेरिएबल, इटीसीखालच्या डिफॉल्ट फोल्डरमधील एका फाइलमधून भरले जाते. त्या फाइलमध्ये एकच ओळ होती: कठोर पातळीचा फ्लॅग, आणि त्यात फक्त मेमरीची अट, 500 एमआयबी. कधीतरी मेमरीची अडचण आली असताना आमच्यापैकीच कोणीतरी ती लिहिली होती.

येथे दोन नियम एकत्र आले. पहिला नियम असा की, फाइल आणि फ्लॅग यांत एकच सेटिंग असेल तर क्यूबलेट फ्लॅगचे ऐकतो. दुसरा नियम असा की, कठोर पातळ्यांचा संच तो एकसंध मानतो. फ्लॅगमधला संच फाइलमधल्या संचात मिसळत नाही, त्याच्या जागी येऊन बसतो, आणि त्यात ज्या अटींचा उल्लेख नाही त्या मूळ मूल्यावर परत जात नाहीत, तर शून्य होतात. म्हणजे मेमरीची पातळी वाढवणाऱ्या माणसाने, नकळत, डिस्कवरचे राखण उठवले होते. दोन्ही नियम दस्तऐवजात नमूद आहेत. तरीही त्यांच्या संयोगातून जे निघाले ते कोणीही निवडलेले नव्हते, म्हणूनच मी याला केवळ वापरणाऱ्याची चूक म्हणायला तयार नाही. विशेष म्हणजे याच क्यूबलेटमध्ये फीचर गेट (एखादी सोय चालू-बंद करणारी सेटिंग) मात्र फाइलमधले आणि फ्लॅगमधले एकमेकांत मिसळले जातात. अलीकडच्या आवृत्त्यांत राहिलेल्या अटींना मूळ मूल्ये देण्याची सोय आली आहे, पण ती आपणहून चालू करावी लागते.

साधन बदलले की क्रमही बदलतो. कुबरनेटिसवर प्रोग्रॅम बसवणाऱ्या हेल्मला अनेक मूल्य-फायली दिल्या तर शेवटची जिंकते. मॅप, म्हणजे नाव-मूल्याच्या जोड्या, एकमेकांत मिसळतात, याद्या मात्र संपूर्ण बदलल्या जातात. क्लस्टरशी जोडणीची माहिती ठेवणाऱ्या क्यूबकॉन्फिगच्या अनेक फायली पर्यावरण-व्हेरिएबलमध्ये दिल्या, तर एखादे मूल्य ठरवणारी पहिली फाइल जिंकते. दुरून लॉगिन करू देणाऱ्या एसएसएचडीमध्येही सर्वसाधारणपणे पहिले मूल्य जिंकते, त्यामुळे फाइलच्या तळाशी घातलेली कडक ओळ पुष्कळदा निरुपयोगी ठरते. अनेक संगणकांची मांडणी एकदम करणाऱ्या ॲन्सिबलच्या दस्तऐवजात व्हेरिएबलच्या अग्रक्रमाच्या 22 पायऱ्या मोजून दिल्या आहेत. ही सगळी साधने दिवसभर हाताळणाऱ्या माणसाने प्रत्येकाचा क्रम आठवून काम करावे, ही अपेक्षा मला अन्यायाची वाटते. कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या गिटमध्ये प्रत्येक सेटिंग कोणत्या फाइलमधून आले ते दाखवणारा पर्याय आहे. ज्या प्रोग्रॅमने मूल्य निवडले त्यानेच ते कोठून घेतले आणि कोणते टाकून दिले हे सांगावे, एवढे तरी क्लस्टर सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरकडून मागायला हवे. क्यूबलेट सुरू होताना हा फ्लॅग कालबाह्य आहे, फाइल वापरा, असे लॉगमध्ये म्हणतो खरा. पण फाइलमधल्या बाकीच्या अटी आपण आत्ता रद्द केल्या, हे म्हणत नाही.

त्या दिवसापासून आम्ही फाइल वाचून निष्कर्ष काढणे थांबवले. चालू असलेला क्यूबलेट 'कॉन्फिगझेड' या पत्त्यावर आपले प्रत्यक्ष कॉन्फिगरेशन सांगतो आणि क्लस्टरच्या मध्यवर्ती एपीआय सर्व्हरमार्फत ते प्रत्येक नोडचे मागवता येते. तिसऱ्या नोडचे उत्तर मागवले तेव्हा कठोर पातळीच्या कंसात खरोखरच मेमरीची एकच ओळ होती. ती जादा ओळ काढून टाकली, 500 एमआयबीचा आकडा फाइलमधल्या बाकीच्या अटींच्या शेजारी लिहिला आणि क्यूबलेट पुन्हा सुरू केला. काही क्षणांतच 'डिस्कप्रेशर'पुढे 'ट्रू' आले आणि तापमानाच्या नोंदींचा तो पॉड नोडवरून हटवला गेला.

मग सहकाऱ्याने एक लहान स्क्रिप्ट लिहिली, जी सर्व नोडकडून हे उत्तर मागवते आणि आमच्या फाइलशी ओळीने ओळ ताडते. ती पहिल्यांदा चालवली त्या संध्याकाळी पाचव्या नोडवरही तोच फरक निघाला. जादा फ्लॅगच्या फाइलची तारीख तिसऱ्या नोडवरच्या फाइलचीच होती, वेळेत फरक होता फक्त चार मिनिटांचा.